वेदनेचा दवाखाना : एका बैठकीचा मागोवा

बर दुबईत, खाडी समुद्राला मिळते तिथे शिंदगा ही जुनी वस्ती आहे. शेख सईद अल मक्तूम यांचा 1896 साली बांधलेला वाडा इथेच आहे आणि आजूबाजूच्या जुन्या घरांतून आता अल शिंदगा संग्रहालय उभे राहिले आहे. त्यातील एक घर पारंपरिक औषधोपचारांसाठी राखून ठेवलेले आहे. वाळवंटातला आणि किनाऱ्यावरचा माणूस दुखण्याखुपण्यावर काय करीत असे, कोणती मुळी उगाळीत असे, तापवलेल्या लोखंडाने कुठे डागून घेत असे, याची स्मृती तिथे जपली आहे. तिथून खाडीच्या काठाने थोडे आत गेले की 1973 साली सुरू झालेले रशीद रुग्णालय लागते आणि त्याच्या पलीकडे 2002 साली स्थापन झालेली दुबई हेल्थकेअर सिटी. या भागात आज वेदनाचिकित्सेचे खास दवाखाने चालतात. कंबर धरून आत आलेल्या माणसाला तिथे भूलशास्त्र शिकलेला वेदनातज्ज्ञ पाहतो, मज्जासंस्थेचा डॉक्टर पाहतो, फिजिओथेरपिस्ट त्याला चालायला लावतो आणि मानसतज्ज्ञ त्याच्या झोपेविषयी विचारतो. मग ही सारी मंडळी एकत्र बसून पुढे काय करायचे ते ठरवतात. शिंदग्यातल्या डागणीपासून या बैठकीपर्यंतचे अंतर मोटारीने काही मिनिटांचे आहे; इतिहासाने मात्र ते कापायला दोन हजार वर्षे घेतली. हा रस्ता बगदाद, गोवा, मुंबई आणि अमेरिकेतल्या टकोमा नावाच्या गावावरून गेला आहे. आपण त्याच रस्त्याने चालू.

सुरुवात आपल्याच मुलखातून करावी लागते. चरकसंहितेत वातव्याधींचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात गृध्रसीचे वर्णन येते. दुखणे आधी कुल्ल्यात सुरू होते, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी असे करत पावलापर्यंत उतरते, हा क्रम चरकाने नोंदवला. आजचा डॉक्टर सायटिकाच्या रुग्णाला पायावरून बोट फिरवून दाखवायला सांगतो, तेव्हा तो हाच नकाशा पुन्हा काढीत असतो. सुश्रुताने एक पाऊल पुढे टाकले. सूत्रस्थानात अग्निकर्मासाठी एक संपूर्ण अध्याय देऊन त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि हाडे यांत उग्र वेदना असेल तर डाग द्यावा असे त्याने सांगितले आणि साधनांची यादीही दिली: पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शर, धातूची शलाका, मध, गूळ, तेल-तूप. कोणत्या थराला किती उष्णता द्यायची त्याप्रमाणे साधन बदलायचे. चरकाच्या आणखी एका विचाराची नोंद आपल्या मागोव्यासाठी फार मोलाची आहे. उपचाराचे चार पाय त्याने सांगितले: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा परिचारक आणि स्वतः रोगी. एकट्या वैद्याच्या हातून काम होत नाही, रोग्यालाही उपचारात वाटा उचलावा लागतो, ही कल्पना तेव्हा लिहिली गेली होती. ग्रंथातली ही विद्या पुढे घराघरांत झिरपली. कोकणात आणि देशावर उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत, ठणकत्या सांध्यावर बिब्ब्याची फुली काढीत, निर्गुडीच्या पाल्याने शेकत. या उपायांतून गुण किती येई हा भाग वेगळा. पण दुखणाऱ्या माणसाभोवती चार माणसे जमत आणि त्याचे दुखणे खरे मानले जाई, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आठव्या-नवव्या शतकाच्या सांध्यावर ही विद्या समुद्रापार गेली. हारून अल रशीदच्या बगदादमध्ये बरमकी वजीर याह्या इब्न खालिद याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहिता अरबीत आणली. पुढे अल राझीच्या ग्रंथांत भारतीय वैद्यांचे दाखले येऊ लागले. इसवी सन 1000 च्या सुमारास कॉर्दोबाजवळच्या अल झहरावीने आपल्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला आणि त्याची सुरुवातच डागणीने केली. पन्नासहून अधिक प्रकरणे आणि सोबत हत्यारांच्या आकृत्या. जवळपास त्याच काळात इब्न सिना आपला ‘कानून’ लिहीत होता. त्याने वेदनेचे पंधरा प्रकार वेगळे केले: टोचणारी, फाडणारी, ठणकणारी, जड, बधिर, भोसकणारी, खाजरी असे. आणि उपाय सांगताना अफू, धोत्र्याच्या जातीच्या वनस्पती यांच्याबरोबर त्याने आणखी तीन गोष्टी लिहिल्या: बराच वेळ सावकाश चालणे, कानाला गोड लागणारे संगीत, आणि मन गुंतून जाईल असे एखादे काम. वेदनाचिकित्सेच्या इतिहासात या तीन ओळींना जितके महत्त्व मिळायला हवे तितके मिळालेले नाही. औषध, हालचाल आणि मन या तिन्हींचा एकत्र विचार तिथे झाला होता. पण ग्रंथ पाठशाळांत राहिला आणि आखाताच्या किनाऱ्यावर त्यातला अग्नी तेवढा उरला. उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांच्या शिंपल्यांसाठी पायाला दगड बांधून दिवसभर बुड्या मारणारे पाणबुडे, त्यांना दोराने वर ओढणारे खलाशी, उंटांमागे चालणारे बेदू, यांचे कान, पाठ, गुडघे दुखले की डागणारा माणूस शलाका तापवी. त्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत. मोत्यामागच्या ठणक्याची वहीत कुठे नोंद नव्हती.

वेदना मारण्याची दुसरी वाट अफूची. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात अफूचे आणि भांगेचे वर्णन केले. माळव्याची अफू पुढे मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागली आणि या व्यापारात मोठे झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून भायखळ्याला रुग्णालय उभे राहिले. 1845 साली शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. ज्या शहरातून अफूच्या पेट्या निघत, त्याच शहरातल्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून कामावर जात. दरम्यान जर्मनीत सेर्ट्युर्नरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे केले, 1853 मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वूडने सुईतून ते टोचण्याची रीत रूढ केली आणि 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी ईथर हिंदुस्थानात पोहोचले. शस्त्रक्रियेची तीव्र वेदना माणसाने जिंकली, ही फार मोठी गोष्ट घडली. पण तिच्यामागे एक समजूत पक्की बसत गेली. देकार्तच्या 1664 साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक चित्र आहे: पाय आगीजवळ जातो, एक धागा ओढला जातो आणि मेंदूत घंटा वाजते. वेदना म्हणजे निरोप, मग निरोपाचा धागा कापला की काम झाले. ज्याच्या पायाजवळची आग केव्हाच विझली आहे आणि तरी घंटा वर्षानुवर्षे वाजतेच आहे, अशा माणसाला या चित्रात जागाच नव्हती. त्याला डॉक्टर म्हणत, तपासण्या चांगल्या आहेत, तुम्हाला काही झालेले नाही.

ही समजूत युद्धांनी हलवली. पहिल्या महायुद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करताना फ्रान्सच्या रने लेरिश यांना दिसले की जखम भरून आली तरी दुखणे मागे राहते. 1937 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी टिकून राहिलेली वेदना हाच एक आजार मानला. 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोव्हेन्स्टाइन यांनी मज्जातंतू बधिर करून वेदना घालवण्याचा दवाखाना काढला. नंतरच्या वेदना-दवाखान्यांचा तो विस्मरणात गेलेला पूर्वज. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या अँझिओ आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने उलटी बाजू पाहिली. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांनी वेदनाशामक मागितलेच नाही. घरी परत जायला मिळणार या सुटकेने त्यांची वेदना हलकी केली होती. जखमेचा आकार आणि दुखण्याचा आकार सारखा नसतो, दुखण्याला माणसाच्या आयुष्याचा संदर्भ असतो, हे बीचरने 1946 मध्ये लिहून काढले.

आता आपण या मागोव्यातल्या मध्यवर्ती माणसाकडे येतो. जॉन बोनिका यांचा जन्म 1917 चा, सिसिलीजवळच्या फिलिकुडी या छोट्या बेटावरचा. कुटुंब 1927 मध्ये न्यूयॉर्कला गेले. वैद्यकीचे शिक्षण घ्यायला पैसे नव्हते म्हणून बोनिका मुखवटा घालून व्यावसायिक कुस्त्या खेळले आणि त्या कुस्त्यांनी त्यांचे खांदे आणि खुबे कायमचे दुखावले. 1944 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलविभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली. युद्धातून परतलेले, हात गमावूनही हाताच्या जागी आग होते असे सांगणारे सैनिक त्यांच्यापुढे येत. एकट्याच्या विद्येने हे उलगडत नाही असे पाहून बोनिका मज्जातज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसवू लागले. एक रुग्ण, एक टेबल आणि त्याच्याकडे चार विद्यांतून पाहणारी चार माणसे. वेदनाचिकित्सेचा खरा शोध लागला तो इथे. 1947 मध्ये ते टकोमा जनरल रुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी हीच रीत दवाखान्याच्या रूपात चालवली. 1953 साली त्यांनी दीड हजारांहून अधिक पानांचा वेदनाचिकित्सेचा ग्रंथ सिद्ध केला. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी न्यूरोसर्जन लॉवेल व्हाइट आणि परिचारिका डोरोथी क्राउली यांच्यासह बहुशाखीय वेदना-दवाखाना उभा केला. डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका बसली, हे चरकाने परिचारकाला दिलेला चौथाई वाटा आठवून पाहण्यासारखे आहे.

पुढच्या पंधरा वर्षांत या टेबलाला शास्त्राचा पाया मिळाला. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी पाठीच्या कण्यात वेदनेचे एक दार असते असा सिद्धांत मांडला. त्वचेवरून येणारे इतर संदेश आणि मेंदूतून उतरणारे आदेश हे दार उघडतात किंवा मिटतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो त्याला प्रथमच कारण मिळाले आणि भीती, चिंता, लक्ष यांना शरीरशास्त्रात जागा मिळाली. मेलझॅक यांनीच 1975 मध्ये 78 विशेषणांची प्रश्नावली तयार केली. इब्न सिनाच्या पंधरा प्रकारांची ती उशिरा जन्मलेली नात. सिअ‍ॅटलमध्ये विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने रुग्णांची एक सवय हेरली: दुखेपर्यंत चालायचे, दुखले की दिवसभर पडून राहायचे. त्याने उलटे करायला लावले. ठरवलेले अंतर चालायचे, बरे वाटले तरी त्याहून अधिक नाही आणि दुखले तरी त्याहून कमी नाही. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करून मरणाऱ्या माणसाच्या वेदनेत शरीराबरोबर मन, नाती आणि श्रद्धा यांचाही भाग असतो हे दाखवून दिले. अखेर मे 1973 मध्ये बोनिकांनी सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा इथे तीनशेहून अधिक संशोधक जमवले आणि त्यातून आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटना जन्मली. 1979 मध्ये तिने वेदनेची व्याख्या केली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव आहे आणि इजा दिसो वा न दिसो, सांगणाऱ्याचे सांगणे हाच पुरावा, असा तिचा आशय होता. वर्षानुवर्षे ज्याला ‘काही झालेले नाही’ असे ऐकावे लागले, त्याच्या बाजूने शास्त्राने दिलेला हा निकाल होता. याच काळात तीव्र वेदनेकडेही नव्याने पाहिले गेले. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की वेदनेच्या माऱ्याने कण्यातल्या पेशी अतिसंवेदनशील होऊन बसतात. शस्त्रक्रियेनंतरची वेदना वेळेवर आवरणे निकडीचे का, ते यातून कळले. 1988 मध्ये सिअ‍ॅटलच्याच ब्रायन रेडी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी स्वतंत्र सेवेचा आराखडा प्रसिद्ध केला.

हिंदुस्थानात ही चळवळ भूलतज्ज्ञांनी आणली. भारतीय वेदना-अभ्यास संस्था 1984 मध्ये स्थापन झाली. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. लुई डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती अवेदना आश्रम हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीने चढती रीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली तीही त्याच वर्षी. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. शिक्षेच्या धाकाने औषधदुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि 1997 पर्यंत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या देशात कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत होता. 1993 पासून कालिकतमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या कामाने आणि पुढच्या दीर्घ पाठपुराव्याने 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली.

आणि आता पुन्हा खाडीकडे. 1950 च्या सुमारास दुबईतले पहिले आधुनिक रुग्णालय, अल मक्तूम, देइरात सुरू झाले. 1963 मध्ये पूल झाला तोवर बर दुबईचा रुग्ण अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडून तिकडे जाई. त्या काळात इथले चलन रुपया होते, ते 1966 पर्यंत टिकले. मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी येत, त्यातली ‘द्वारका’ 1982 पर्यंत येत राहिली. रत्नागिरी, खेड, चिपळूणची माणसे याच बोटींनी आली. इसाक्वाची परिषद भरली त्याच 1973 साली बर दुबईत रशीद रुग्णालय सुरू झाले, हा नुसता योगायोग. पण तेलाच्या पैशातून वाढणाऱ्या शहराला अपघातांची, मोडलेल्या हाडांची आणि ओझ्याने झिजलेल्या पाठींची काळजी घेणारे मोठे ठिकाण तेव्हाच हवे होते. इथे वेदना बव्हंशी कामाची आहे. परांचीवर चढणारा गवंडी, दिवसभर उभी राहणारी नर्स, बारा तास चाक धरणारा टॅक्सीचालक, संगणकासमोर मान मोडणारा हिशेबनीस. त्यांच्या दुखण्यात व्हिसा आहे, गावी पाठवायचे पैसे आहेत, दुखते म्हटले तर काम जाईल ही धास्ती आहे. रात्री ठणका लागला तर पाठीला तेल चोळायला घरचे कोणी नाही, हेही आहे. अँझिओच्या सैनिकाला घरी परतण्याच्या आशेने वेदना हलकी झाली होती. इथल्या अनेकांना घरी परतावे लागेल या भीतीने ती जड होते. म्हणून फोर्डाइस आणि साँडर्स यांची गरज बर दुबईला सिअ‍ॅटलहून कमी नाही.

अशा दवाखान्यात पहिल्या भेटीत काय घडते ते जवळून पाहू. रुग्णाच्या हातात माणसाची पुढून-मागून काढलेली आकृती देतात आणि दुखरी जागा रंगवायला सांगतात. शून्य ते दहा यांत आकडा विचारतात. मग रुग्ण आपल्या भाषेत सांगू लागतो: चमक निघते, मुंग्या येतात, आग होते, ठसठसते. आग आणि मुंग्या म्हटले की डॉक्टरचे कान टवकारतात, कारण ती बहुधा मज्जातंतूची वेदना असते आणि तिला साधी वेदनाशामके लागू पडत नाहीत. तिच्यासाठी अपस्माराची आणि नैराश्याची काही औषधे वापरतात. मॉर्फिनच्या जातीची औषधे अमिरातीत कडक नियंत्रणाखाली आहेत. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या बाहेरून आणायच्या तर प्रवाशाला आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. मणक्याच्या बारीक सांध्यांतून वेदना येत असेल तर आधी बधिर करणारे इंजेक्शन देऊन खात्री करतात. आराम पडला तर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत त्या सांध्याच्या मज्जातंतूपर्यंत सुई नेतात आणि रेडिओलहरींनी तिचे टोक सुमारे 80 अंशांपर्यंत मिनिटभर तापवतात. तंतू जळतो आणि काही महिने, कधी वर्षभर, निरोप थांबतो. सुश्रुताची शलाका आणि शिंदग्याची डागणी इथे केसाएवढ्या नेमकेपणाने परत आलेली आपल्याला दिसते. मात्र तंतू पुन्हा वाढतो. त्या मिळालेल्या महिन्यांत स्नायू बळकट झाले, झोप सुधारली, भीती कमी झाली, तरच सुईचे सार्थक होते. म्हणून फिजिओथेरपिस्ट आणि मानसतज्ज्ञ या भेटीत सुरुवातीपासून हवेत.

या मागोव्यात एक घसरणही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विमा कंपन्यांनी बहुशाखीय उपचारांचे पैसे देणे कमी केले. इंजेक्शनचे बिल मांडता येते, चार तज्ज्ञांच्या तासाभराच्या चर्चेचे मांडणे अवघड. सिअ‍ॅटलच्या परंपरेतले कितीतरी दवाखाने बंद पडले. त्याच सुमारास, 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि गोळीने सारे भागते असा भ्रम पसरला. त्याची किंमत लाखो कुटुंबांनी मोजली. टेबल मोडले आणि धागा कापण्याची जुनी समजूत नव्या वेष्टनात परत आली. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी सूची 2022 पासून लागू झाली आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला तिच्यात प्रथमच स्वतःचा क्रमांक मिळाला. लेरिश यांचे म्हणणे सरकारी कागदावर यायला 85 वर्षे लागली.

दुबईने 2013 च्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा केला. ज्या शहरात प्रत्येक कामगाराच्या नावावर विमापत्र आहे, त्या शहराला अमेरिकेची चूक टाळण्याची संधी आहे. त्या विमापत्रात सुईबरोबर चालण्याचा व्यायाम आणि मनाशी बोलण्याची तासिका बसली पाहिजे, आणि दुभाष्याचीही. कारण आग आणि ठणका यांतला फरक माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो. शलाका, अफू, ईथर, रेडिओलहरी ही साधने येत गेली आणि येत राहतील. इतक्या शतकांत टिकाऊ ठरले ते एकच: दुखणाऱ्याचे खरे मानून त्याच्याभोवती एकत्र बसणे. चरकाने त्यात चार जण मोजले होते आणि चौथा रोगी स्वतः होता. बर दुबईतल्या दवाखान्यात गवंड्याला त्या टेबलाशी खुर्ची मिळते की नाही, यावरच हा लांबचा रस्ता पुरा झाला की नाही ते ठरेल.